सहा नंबरचं कुलूप

मंगळवार, ४ मार्च

"हे कुलूप मी लावलंय, मीच काढणार. मी नसलो तर ट्रक तसाच उभा राहील, पण तुम्ही हात लावायचा नाही."

वर्कशॉपमधल्या माझ्या पहिल्या दिवशी मास्तर हे म्हणाला होता. वीस-एक वर्षं झाली असतील. ट्रकच्या पोटात शिरण्याआधी बॅटरीचा मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, आपल्या नावाची लाल पाटी अडकवायची आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची. आपण आत असताना कुणी इंजिन चालू करू नये म्हणून. मी नवी, पण तोंड चालायचं. विचारलं, आणि तुम्ही किल्ली घरी विसरलात तर? तो पान्यावरून नजर न काढता म्हणाला, "मग या घरी न्यायला." सगळे हसले.

पुढे गेलेच की घरी, लग्न करून. कायमची! तरी 'मास्तर' काही सुटलं नाही. वर्कशॉपमध्ये सगळे मास्तरच म्हणतात, मीसुद्धा. त्याच्या पाटीवरही तेवढंच लिहिलंय, ऑइलपेंटने.

आज सुपरवायझर म्हणाला, इंजिनचा नवा क्रँकशाफ्ट कारखान्यातून निघालाय, येईलच आता. सहा नंबरचा ट्रक हातात घ्यायला हवा.

मी बरं म्हटलं.

सहा नंबरला मास्तरचं कुलूप आहे. तो आजारी पडला त्या दिवसापासून. किल्ली माझ्याकडे आहे — हॉस्पिटलने त्याचे कपडे पिशवीत घालून दिले, त्यात शर्टाच्या खिशात होती. सगळ्यांना सांगितलंय, सापडत नाही.


बुधवार, ५ मार्च

मास्तरला विचारलं, गॅलरीत बसू या का थोडा वेळ? "नाही."


शनिवार, ८ मार्च

दुसरा शनिवार, सुट्टी. मास्तरची दाढी केली. डाव्या गालावर तो मला मदत करतो, गाल फुगवतो. उजवा गाल मीच ताणून धरते.

झटका आल्यापासून शब्द फार थोडे उरलेत. पाणी म्हणायचं असतं आणि भलतंच काही येतं, मग तो चिडतो, मान फिरवतो. 'नाही' मात्र स्वच्छ येतं, अगदी पूर्वीसारखं. डॉक्टरांकडे? नाही. चार पावलं चालू या? नाही. वर्कशॉपमधले दोघं भेटायला आले, तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ते बिचारे पंख्याकडे बघत बसले. एकाने विचारलं, पंखा आवाज करतोय का? दुसरा म्हणाला, बेअरिंग गेलंय. एवढंच बोलणं झालं.

नणंद दिवसभर त्याच्याजवळ असते, म्हणून मला कामावर जाता येतं. आज म्हणाली, "वहिनी, दादाला जरा रागवा हो. माझं ऐकत नाही." जशी काही माझंच ऐकतो!

त्याचा उजवा हात मी रोज कोमट पाण्याने धुते. नखांच्या कडेची काळी रेघ इतक्या वर्षांत कधी गेली नव्हती. लग्नात किती घासलं होतं त्याने, लिंबू, पावडर, काय काय. फोटोतही दिसते ती. आता गेली. हात अगदी स्वच्छ, मऊ झालाय. आज धुताना क्षणभर मला तो ओळखूच येईना.


मंगळवार, ११ मार्च

एक नवं गिऱ्हाईक माझ्याच खांद्यावरून मागे बघत विचारत होतं, मेकॅनिक कुठे आहे? मी म्हटलं, मीच. म्हणालं, नाही, ट्रकचा. मास्तर असता तर म्हणाला असता, "साहेब, ट्रकच्या ह्याच आहेत. मी फक्त यांचा चहा आणतो." नेहमी हेच म्हणायचा, आणि मग खरंच चहा आणायला जायचा. आज मी नुसती बॉनेटकडे वळले.

दुपारी सहा नंबरला गेले. उगाच. ट्रकची केबिन पुढे झुकवलेली, तशीच आहे. इंजिन उघडं, वर प्लॅस्टिक पसरलेलं. बाजूच्या बाकावर त्याचा पुठ्ठा.

इतर लोक बोल्ट डब्यात टाकतात. मास्तर पुठ्ठ्यावर खडूने इंजिनची आकृती काढायचा, भोकं पाडायचा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच तो खोचून ठेवायचा. आजारी पडला त्या दिवशीही सगळे खोचून झाले होते. मग मला म्हणाला, "चहा सांग, मी आलोच." आणि टायरला टेकून खाली बसला. मला वाटलं, खाली काहीतरी बघतोय. मी चहा सांगितला. दोन कप.

ते बोल्ट म्हणजे त्याच्या उजव्या हाताने केलेलं शेवटचं काम. एकही वाकडा नाही. क्रँकशाफ्ट आला की कुणीतरी ते एकेक करून उपसणार. पुठ्ठा मग कचऱ्यात.

आणि कुलूप निघालं की सहा नंबर दुसऱ्या कुणाचा होणार. कुलूप आहे तोवर मास्तर नुसता चहाला गेलाय.

हे कुणाला सांगणार? म्हणून इथे.


शनिवार, १५ मार्च

आला क्रँकशाफ्ट. लाकडी पेटीत, तेलकट कागदात गुंडाळलेला.

सुपरवायझरने काम मला दिलं. मास्तरची पद्धत तुलाच ठाऊक, म्हणाला. मग जरा घुटमळला. किल्ली खरंच नाही सापडत का ताई?

नाही म्हटलं. खिशावर हात होता माझा.

म्हणाला, मग कुलूप कापावं लागेल. नियम भिंतीवरच लावलाय — लावणारा माणूस येऊ शकत नसेल तर आधी त्याला विचारायचं, त्याने हो म्हटलं तरच दोघांनी मिळून कापायचं. सोमवारी फोन करू या मास्तरला.

मी मनात म्हटलं, कर की. तो नाहीच म्हणणार. दुसरं येतंय कुठे त्याला?

आयुष्यात पहिल्यांदा त्या 'नाही'चा आधार वाटला.


सोमवार, १७ मार्च

सहा नंबरपाशी उभं राहूनच सुपरवायझरने फोन लावला, स्पीकरवर. हातात कटर. नणंदेने फोन मास्तरच्या कानाशी धरला असावा, श्वास ऐकू येत होता.

सुपरवायझर नको तितक्या मोठ्याने बोलला, बहिऱ्याशी बोलावं तसा. मास्तर, ट्रकचा माल आलाय. किल्ली काही सापडत नाही. तुझं कुलूप कापू का?

कंप्रेसर नेमका तेव्हाच थांबला होता.

"हो."

स्वच्छ. एकदाच.

आजारपण सुरू झाल्यापासून मी किती गोष्टी विचारल्या. गॅलरी, डॉक्टर, काठी, केस कापायचे का, रेडिओ लावू का. एकदाही हो मिळालं नाही मला. पहिलं हो दिलं ते या कुलपाला!

सुपरवायझर माझ्याकडे बघेना. कटर त्याने पाठीमागे धरला. मी म्हटलं, आज नको. उद्या सकाळी. दुसरा माणूस म्हणून मीच उभी राहते.


सोमवारीच, घरी आल्यावर

चपलाही काढल्या नाहीत. त्याच्यासमोर उभी राहून म्हटलं, मला न विचारता हो म्हणालास? परत जायचंच नाही का तुला?

त्याने डावा हात उचलला आणि माझ्या खिशाकडे बोट केलं. ओठ जुळवायला वेळ लागला.

"कि... किल्ली."

मी त्याच्यापाशी खाली बसले.

नणंद दारात उभी होती. तिनेच सांगितलं. "वहिनी, मागे तुमचे कपडे धुवायला घेतले तेव्हा खिशातून पडली. दादाने बघितली. मी म्हटलं, ही तीच का रे, सगळे शोधतायत ती? तर मला खूण केली. गुपचूप परत ठेव म्हणून."

म्हणजे माहीत होतं त्याला. फोनवर माहीत होतं. किल्ली बायकोच्या खिशात आहे, हे कसंही करून सांगू शकला असता. नणंद होतीच सांगायला. त्याऐवजी कुलूप कापू दिलं. ज्या कुलपाला कधी कुणाला बोट लावू दिलं नाही, ते! मी खोटी पडू नये म्हणून.

मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. उजव्या. त्याला कळलं नसेल. मग डावा हात आला केसांवर, अवघडलेला, शिकाऊ माणसाने पाना धरावा तसा.

खूप रडले. नणंदेने जेवायला हाक मारली, तीही हळूच.


मंगळवार, १८ मार्च

लवकर उठून सुपरवायझरला फोन केला. किल्ली आहे, पहिल्यापासून माझ्याचकडे होती, म्हटलं. तो "बरं" एवढंच म्हणाला. माणूस भला आहे.

दाराशी गाडी बोलावली आहे. मास्तरचा धुतलेला युनिफॉर्म खुर्चीवर ठेवलाय. किल्ली त्याच्या डाव्या मुठीत दिली, आणि त्याने ती अजून टाकलेली नाही. काय म्हणणार ते ठाऊक आहे मला. आपल्याला असं कुणी बघितलेलं त्याला चालणार नाही. मान भिंतीकडे वळेल, आणि तो एक शब्द येईल, स्वच्छ.

तरी विचारणार आहे. आता, ही वही मिटली की लगेच.

मास्तर, चल ना माझ्याबरोबर. कुलूप तू काढ. मग बाकापाशी बस आणि पुठ्ठ्यातले बोल्ट डाव्या हाताने एकेक मला दे. आवळते मी.