पंधरा दिवसांत भरली नाही तर

सोलापूर
शुक्रवार, ५ जून

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस, मेसेजही वाचलेले दिसत नाहीत, म्हणून हे कुरियरनं पाठवतेय. उद्या संध्याकाळपर्यंत चाकणला तुझ्या हातात पडेल. अण्णांचं ऑपरेशन मंगळवारी सकाळी आठला आहे. खालच्या जबड्याचा डावा अर्धा भाग आणि मानेतल्या गाठी काढणार आहेत. नंतर ते बोलू शकतील, पण त्यातलं किती समजेल हे आत्ता कुणी सांगत नाही. काल त्यांनी आईला विचारलं, उदय येतोय का. आईनं येतोय म्हणून सांगितलं. तुझ्याशी कुणाचंच बोलणं झालेलं नाही हे तिला माहीत आहे.

अण्णांची कवळी सध्या माझ्या खोलीवर आहे. दवाखान्यात भरती करताना नर्सनं काढायला लावली आणि डबीत घालून माझ्याकडे दिली. मी रोज तिचं पाणी बदलते. कोरडी पडली तर तिचा आकार बिघडतो. मंगळवारनंतर ती बसायला जबडाच पुरता राहणार नाही, तरी बदलते.

ती मी गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी केली. माझं काम नक्की काय असतं हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून थोडक्यात सांगते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि नव्या पेठेतल्या आमच्या लॅबमध्ये पाठवतात. मी त्यात प्लास्टर ओतून साचा काढते, मेणात दात बसवते आणि मग कवळी शिजवून, घासून, चकचकीत करून परत पाठवते. चार वर्षांत नऊशेच्या आसपास कवळ्या केल्या असतील. त्यांतली एकही मी माणसाच्या तोंडात पाहिली नव्हती. आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात की तोंडात हात घालायचा तो डॉक्टरांनी. आपण साच्याच्या पुढं जायचं नाही.

अण्णांचे दात मात्र मी निवडून घेतले. पांढरेशुभ्र नाही, किंचित पिवळे. पुढचा एक त्यांच्या मूळच्या दातासारखा तिरका बसवला. डॉक्टरांनी कवळी बसवून दिली त्या दिवशी जिना उतरताना त्यांनी खिशातली चुन्याची डबी काढून माझ्या हातात ठेवली. चाळीस वर्षांची तंबाखू त्यांनी त्या जिन्यावर सोडली. तुझा विश्वास नाही, पण कवळीच्या आतल्या खाचांत चुना बसला की निघत नाही, आणि मी ती भिंगाखाली तपासली आहे. आठ महिन्यांत चुन्याचा कणही नाही.

मोडनिंबच्या बाजारात त्यांनी ती सगळ्या दलालांना दाखवली. लेकीनं केलीय, म्हणत. शेळीचं वय दातांवरून ठरवणारी ती माणसं. बिभीषणकाकांनी त्यांची हनुवटी धरून ओठ वर केला आणि भर बाजारात सांगितलं की कोंडीबा अजून दुधाच्या दातांचा आहे, घ्यायला हरकत नाही. अण्णा हे मला फोनवर दोनदा सांगून हसले.

डिसेंबरात त्यांना डावीकडे खाली टोचायला लागलं. ते एसटीनं सोलापूरला आले. डॉक्टरांची वेळ संध्याकाळची होती आणि त्यांना परतायची घाई होती. नवी कवळी सुरुवातीला टोचतेच, म्हणून मी खोलीवरच बघितलं. दुखतं तिथं काजळाचा ठिपका लावा म्हटलं. त्यांनी आरशात बघून स्वतःच लावला. कवळी घातली, दाबली, काढली. ठिपका कवळीच्या कडेवर उमटला. तेवढी कड मी घासून दिली. बरं वाटलं म्हणाले. जानेवारीत पुन्हा आले, ठिपका त्याच जागी. फेब्रुवारीतही. मार्चमध्ये ठिपक्यासोबत थोडं रक्त आलं.

मार्चमध्ये घासण्याआधी मी कड मोजली होती. डावी बाजू उजवीपेक्षा चार मिलिमीटरनं कमी भरली. तिथं टोचायला काही उरलंच नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं होतं, दादा. तरी मी आणखी अर्धा मिलिमीटर घासला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा म्हणून सांगितलं आणि त्यांना स्टँडवर सोडून लॅबला गेले. त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. आई आता सांगते की ते भाकरी आमटीत कुस्करून गिळत होते आणि पोरीला कळवू नको म्हणत होते.

आमच्या लॅबमधून प्रत्येक कवळीसोबत एक कागद जातो. रात्री काढून पाण्यात ठेवा, गरम पाणी वापरू नका, धुताना खाली पाण्याचं भांडं धरा म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. शेवटची ओळ अशी आहे: जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर डॉक्टरांना दाखवा. तो कागद मी टाईप केलेला आहे. अण्णांनी जनावराचं तोंड उघडल्याशिवाय आयुष्यात एक व्यवहार केला नाही. मी चार वेळा त्यांची कवळी उजेडात धरून बघितली, आणि एकदाही त्यांना आ करा म्हटलं नाही.

मे महिन्यात आईच्या हाताला त्यांच्या मानेवर गाठ लागली. पुढचं तुला माहीत आहे, तू तिथं होतास. मोठ्या डॉक्टरांनी कवळी हातात घेऊन विचारलं, ही कड कुणी घासली? हे चार-पाच महिन्यांपूर्वी दाखवलं असतं तर जबडा वाचला असता. मी तोंड उघडणार त्याआधी अण्णा बोलले.

"म्याच घासली, सायेब. घरी. कानशीनं."

मग तू आठ पेशंटांच्या समोर जे बोललास ते बोललास. अडाणीपणा, तंबाखू, आता भोगा. ते खाली बघून ऐकत राहिले. तू पिशवी उचलून निघून गेलास. मी खाटेच्या पायथ्याशी फाईल धरून उभी होते. लॅबच्या मुलीनं घरी पेशंट तपासला हे कळलं तर माझी नोकरी जाईल, हे त्यांना कुणीतरी कधीतरी सांगितलं असणार. बहुतेक मीच.

घरात कानस नाही, दादा. तुलाही ते माहीत आहे. रागात तुझ्या लक्षात आलं नाही.

रोग तंबाखूनंच दिला, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि ते खरं आहे. पण डिसेंबर ते मे हे महिने माझे आहेत. आज सकाळी मी मोठ्या डॉक्टरांना कड कुणी घासली ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फाईलवर काहीतरी लिहिलं. आमच्या लॅबच्या साहेबांना सोमवारी सांगेन. आईला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी लिहितेय, कारण त्यांना शुद्धीवर आणि स्वतःच्या आवाजात बोलायला चारच दिवस उरलेत, आणि तुझा राग चुकीच्या खाटेजवळ पडलाय. तो माझा आहे, मी घेईन, तू म्हणशील तितका. रविवारी ये. वॉर्डात चार ते सहा सोडतात. त्यांना माफ केलं वगैरे काही म्हणू नकोस, माफ करण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही. नुसता जवळ बस, त्यांना बोलू दे. त्या वेळेत मी खाली पायरीवर थांबेन, वर येणार नाही.

तुझीच,
अपेक्षा