परतीचं इथे आल्यावर बघू

अधारताल, जबलपूर
१४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. समिधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर अजिंक्य हो आई, हो आई म्हणतो आणि मागून विसरतो, म्हणून कागदावर लिहिते आहे. सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली, त्यामुळे लेखी नसलं की मला काम झाल्यासारखं वाटत नाही.

नाताळच्या सुटीत तुम्ही आम्हाला बंगळूरला बोलावलंत आणि तिथून सगळ्यांनी मिळून कोडगूला म्हणजे कूर्गला जायचं ठरवलंत, तेव्हापासून यांचं वय दहा वर्षांनी उतरलं आहे. उन्हाची टोपी आणली, ती घालून भाजी आणायला जातात. प्रश्न तिकिटांचा आहे. विजय नगरच्या ट्रॅव्हलवाल्या भैयाला विचारलं. तो म्हणाला की अम्माजी, जाण्या-येण्याचं एकदमच काढून घ्या, सुटीत परतीची जागा मिळत नाही. मला ते पटलं. ४ जानेवारीला बापूची पंचाहत्तरी आहे. इथेच गढ्याला त्याच्या घरी सकाळी पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं, आणि तो मान थोरल्या बहिणीचा. आई गेली तेव्हा हा माझा भाऊ रांगत होता. त्याला कडेवर घेऊन मी शाळेत जात असे आणि मास्तर मला मागच्या बाकावर बसवत. तेव्हा दोन तारखेला मी जबलपुरात हवी म्हणजे हवी.

अवंतिकेला मराठी बोलायला लाव. आजीने काही विचारलं तर तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, मग यांना मध्ये उभं करावं लागतं. बाकी क्षेम. लोभ आहेच, तो तिकिटात दिसू दे.

तुझी सासू,
विभावरी


बंगळूर
२४ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं आणि पाठोपाठ चिवड्याचा डबाही. अवंतिकेने शेंगदाणे वेचून खाल्ले, आम्हाला पोहे उरले. तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहिते. खरं सांगायचं तर फोनवर तुमच्यापुढे माझी जीभ आत जाते, कागदावर तसं होत नाही.

आमच्याकडे तिकिटं मी काढते. अजिंक्य फक्त हो म्हणतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन्हीकडचं एकदम काढलं तर थोडं स्वस्त पडतं, हे तुमचा भैया म्हणतो ते बरोबर. पण मला वाटतं, तुम्ही येण्याचंच काढावं. आल्या आल्या जाण्याची तारीख डोक्यावर कशाला घ्यायची? घर आपलंच आहे. परतीचं इथे आल्यावर बघू. बापूमामांची पंचाहत्तरी माझ्या लक्षात आहे. जबलपूर काय, विमानात बसलं की उतरलं. कधीही जाता येईल.

बाबांना सांगा, टोपी नक्की आणा. ती. बाबांना नमस्कार. लोभ पूर्वीइतकाच ठेवावा, जास्त नको.

आपली,
समिधा


अधारताल, जबलपूर
१ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. समिधास,
आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. यांना फार गोड वाटलं, सुनेला आपण हवेसे आहोत म्हणाले. मला गोड वाटलं नाही.

परतीचं बघू म्हणजे कोण बघणार? तुम्ही दोघं सकाळी नोकरीला जाणार. मला मोबाइलवर तिकीट काढता येत नाही, यांना साधा फोटो पाठवता येत नाही. रोज संध्याकाळी तुझ्या मागे लागू का, की बाई, काढलंस का, काढलंस का? आज जागा नाही, उद्या महाग आहे, परवा आणखी काही. परक्या गावात माणूस दुसऱ्याच्या हातात असतं. शिकलेली आहेस, एवढं तुला समजू नये याचं नवल वाटतं.

बापू रोज फोन करून राहिला आहे की ताई, तू येऊन राहिली नं? मी हो म्हणते आणि तिकिटाचं सांगत नाही. गेल्या वर्षी त्याची बायको गेली, तेव्हापासून तो कशालाच आतुर नव्हता. या ओवाळण्यासाठी त्याने कुर्ता शिवायला टाकला आहे. मी नसले तर तो पाटावर बसायचा नाही, ओळखते मी त्याला. अजिंक्यला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला की तिकिटांचं समिधाला विचार. माझ्या पोटच्या पोराने मला तुझ्याकडे पाठवलं.

हट्ट करू नकोस. दोन्हीकडचं काढ. मोठ्यांचा लोभ राखावा.

विभावरी


बंगळूर
९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आईंस,
सा. न. वि. वि.

परक्या गावात माणूस दुसऱ्याच्या हातात असतं, हे तुमच्या अक्षरात वाचलं आणि कागद घेऊन गॅलरीत जाऊन बसले. घरात बसवेना.

आमच्या धाकट्या प्रणोतीच्या लग्नाचं वर्ष आठवतं का? अवंतिका तान्ही होती. मी जबलपूरला तुमच्याकडे येऊन, तिथून लग्नाआधी आठवडाभर नागपूरला माहेरी जाणार होते. पुढचं तिकीट इथूनच काढते म्हटलं. तेव्हा तुम्ही म्हणालात की नको, घर आपलंच आहे, पुढचं इथे आल्यावर बघू, नागपूर काय, गाडीत बसलं की उतरलं. मी आले. मग एके दिवशी पापड होते. मग मंडळाच्या बायका जेवायला होत्या. मग बाबांचा डोळा दाखवायचा होता. मी रोज संध्याकाळी विचारत होते आणि तुम्ही रोज उद्या म्हणत होतात. बहिणीची मेंदी झाली, हळद झाली. लग्नाच्या दिवशी पहाटे निघालो आणि सिवनीच्या पुढे जीप बंद पडली. मी मांडवात शिरले तेव्हा अक्षता जमिनीवर पडल्या होत्या आणि लोक पंगतीला बसत होते. करवली म्हणून शेजाऱ्यांची मुलगी उभी राहिली होती.

प्रणोती म्हणते की मी पाय आपटला असता तर निघता आलं असतं. तिचं बरोबर आहे. म्हणून मला तिचा राग येत नाही, तुमचा येतो. त्या दिवसानंतर ती माझ्या घरी एक रात्रसुद्धा राहायला आलेली नाही. दर वर्षी मी बोलावते. दर वर्षी ती बघू म्हणते.

मला सूड घ्यायचा आहे. सुनेने सासूला असं लिहू नये, पण आपल्यात लेखी चालतं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे जाण्या-येण्याचं तिकीट काढलं आहे, छापून सोबत जोडलं आहे. येण्याचं २० डिसेंबरचं. परतीचं ४ जानेवारीचं, संध्याकाळचं. ते बदलता येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. तुम्ही घरी पोचाल तेव्हा गढ्याला भांडी घासून झाली असतील. मग कळेल कसं वाटतं ते.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

समिधा


अधारताल, जबलपूर
२१ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. समिधास,
आशीर्वाद, तुला नको असले तरी.

तिकीट पाहून हे म्हणाले की पोरीची तारीख चुकली, लगेच फोन करू. मी म्हटलं, तिचं काही चुकलेलं नाही, तुम्ही चष्मा ठेवा. दोन दिवस मी ताट सारून उठले. रागाने. दुसरं काही कारण असेल तर ते तुला माझ्याकडून लेखी मिळणार नाही. इतकी वर्षं मी समजत होते की अजिंक्यने गरीब गाय आणली. आता मला तुझ्याशी भांडायला बरं वाटून राहिलं आहे.

तिसऱ्या दिवशी बापूकडे गेले आणि तुझं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. म्हटलं, वाच आपल्या भाचेसुनेचे प्रताप. त्याने सावकाश वाचलं आणि इतका हसला की विपुल आतून धावत आला, बाबांना काय झालं म्हणून. बापू म्हणाला की ओवाळायला ताई लागते, गढा काहून लागेल? जन्म रेल्वेत गेला, विमानात बसायचं राहून गेलं आहे.

तेव्हा पंचाहत्तरी तुझ्या घरी आहे. ४ जानेवारीला, सकाळी. आमचं विमान संध्याकाळचं, म्हणजे वेळ भरपूर. बापू, विपुल, गीतांजली, त्यांची दोन पोरं आणि माझी धाकटी बहीण जया, अशी सगळी दोन तारखेला तुझ्या दारात उतरतील. सगळ्यांची तिकिटं त्याच भैयाकडून काढली, फक्त येण्याची. भैया म्हणाला की अम्माजी, वापसी? मी सांगितलं की वापसी आमची सून पाहणार आहे, हुशार आहे. आमचं संध्याकाळचं तिकीट वाया जाऊ दे. घरात पाहुणे टाकून आपण कसं निघायचं? कणीक जास्त आणून ठेव, दिवे कणकेचे करू. गाद्यांचं काय ते अजिंक्य बघेल, हो म्हणण्यापलीकडे काही करू दे त्याला.

आणखी एक. परवा मी नागपूरला जाऊन आले. त्या लग्नानंतर तुझ्या आईच्या दारात मी पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी चहा दिला, पण बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्याने प्यायले. प्रणोती आली होती, मुलाला घेऊन. मी तिला सांगितलं की तुझी बहीण रोज संध्याकाळी विचारत होती आणि मी रोज उद्या म्हणत होते, तिला पाय आपटायला जागा मी ठेवली नव्हती. तिने मुलाला बाहेर खेळायला धाडलं. मग तुझ्यासारखीच मला बोलली, अगदी तोंडावर. तुम्ही दोघी बहिणी शोभता. मी ऐकून घेतलं, कारण तुझ्याकडे येण्याला मला तिचं हो हवं होतं, आणि ते घेऊनच निघाले.

तीही येते आहे, महिनाभर. तिची हळद पुन्हा लागणार नाही, एवढं मला कळतं. तिचंही तिकीट फक्त येण्याचं आहे. पाहुणे तुला डोईजड झाले की सगळ्यांना परत धाड, मला खुशाल पहिली धाड. तिला मात्र, ताई म्हणवून घेतेस ना, विचारून दाखव की तू कधी जाणार. मला बघायचं आहे.

ते दिवस स्वयंपाकघर माझ्याकडे. तुम्ही दोघी गॅलरीत बसा आणि माझ्या नावाने पोटभर बोटं मोडा. लोभाचं काय ते तुम्ही दोघी ठरवा.

तुझी सासू,
विभावरी