नंदे, डबा रिकामा आला गो

लाडके नंदे,

मी कोण ते आठवतंय ना? की तेही विसरून बसलीस? घणसोली गावातली तुझी घरमालकीण, बामाबाय. जिच्या वरच्या खोलीत अकरा वर्षं राहिलीस आणि जिच्या दारात रोज काही ना काही विसरून गेलीस. कधी छत्री, कधी गाडीची किल्ली. एकदा तर पोलिसाची टोपी माझ्या खुराड्यावर ठेवून ड्युटीला गेलीस. आमचा कोंबडा त्या दिवशी जरा जास्तच तोऱ्यात होता.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. माझी सून वनिता लिहून घेते आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. लिहू दे. तुला माझा आवाज ओळखू येईल.

आजच का लिहायला बसले? तर आज सकाळी माझ्याकडे एक डबा परत आला. भरलेला. ही बातमी पहिली तुला सांगायची, आणि तुझा फोन तर लागत नाही.

डब्यावरूनच आपलं जमलं होतं, आठवतं? तू परभणीकडची. आल्या आल्या मी तुला तांदळाची भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली. झाकण उघडून तू असं तोंड केलंस, जसा काही आत मुद्देमाल आहे. पण दुसऱ्या दिवशी डबा लखलखीत घासून आणलास आणि आत तुझ्या आईने गावाहून पाठवलेला येसर, तुमच्याकडचं ते आमटीचं भाजकं मसाला-पीठ. म्हणालीस, मावशी, भांडं रिकामं परत करू नये असं आमच्यात आहे. मी म्हटलं, आमच्यातही आहे गो, तू काय वेगळ्या मुलखातून आलीस? त्या संध्याकाळी येसराची आमटी केली. तिखट होती. तरी मी दोनदा घेतली, हे तुला कधी बोलले नाही.

आणि रागही आहे माझा. तुला जाऊन वर्ष होत आलं, तरी तो गेलेला नाही. पोटात दुखतं म्हणून तू आठ महिने भिंतीला टेकून बसायचीस. डॉक्टरला दाखव म्हटलं की बंदोबस्त आहे मावशी, कोर्टाची तारीख आहे मावशी. मार खाल्लेल्या बायकांना हाताला धरून दवाखान्यात न्यायचीस, त्यांच्या अंगावरची एकेक खूण डॉक्टरकडून कागदावर चढवून घ्यायचीस. स्वतःची तारीख तेवढी विसरलीस. छत्री विसरणं वेगळं, नंदे.

असो. भांडायला नाही बसले. ज्योतीचं सांगायचं आहे.

तू गेल्यावर तुझ्या शेजारची खोली नवरा-बायकोला दिली. ज्योती, तिची चार वर्षांची चिमी, आणि तो. त्याचं नाव पत्रात घालणार नाही, शाई फुकट जाईल. तो तुर्भ्याला कंपनीत. ज्योती जालन्याकडची, एपीएमसीत कांदा निवडायला जायची. मी डबा दिला की परत येताना त्यात काहीतरी असायचंच. दोन कांदे, लिंबू, मूठभर मिरच्या. मला मुलगी आवडली.

मग एका संध्याकाळी वरून आरडाओरडा झाला. समोरच्यांनी पोलिसांना फोन केला. दोन शिपाई आले, दारात उभे राहिले, आणि नवरा बाजूला असताना तिला विचारलं, काही त्रास आहे का? ती म्हणाली, टीव्हीचा आवाज होता. ते गेले. तू असतीस तर त्यांचे कान धरले असतेस. तूच सांगायचीस ना, मांजरासमोर उंदराला विचारून काय उपयोग?

त्यानंतरच्या आठवड्यात डबा रिकामा आला. धुतलेला, पुसलेला, पण रिकामा. दुसऱ्यांदा तसाच. तिसऱ्यांदाही.

आणि तुझ्या या शहाण्या मावशीने काय केलं? रुसून बसली. म्हटलं शेफारली, दोन महिने झाले नाहीत तर रीत विसरली. डबा पाठवायचा बंद केला. तीन आठवडे, नंदे. जिन्यात भेटली की मी मान फिरवायची. एकदा ती घोगऱ्या आवाजात मावशी म्हणाली. मी म्हटलं, सर्दी झाली असेल तर वाफ घे, आणि आत गेले.

मग तूच धावून आलीस. म्हणजे तुझा विसरभोळेपणा आला.

तुझ्या चौकीतली प्रियांका, जिला तू हाताखाली तयार केलंस, तिने तुझं कपाट रिकामं केलं. त्यात माझा डबा निघाला. कित्येक महिने कोंडलेला! झाकणावर आमच्या घराचं नाव कोरलेलं, ते वाचून ती पत्ता काढत आली. साध्या ड्रेसात, दमलेली. आणि डब्यात चिक्की. म्हणाली, मॅडमनी बजावलं होतं, मावशींचा डबा रिकामा द्यायचा नाही.

माझे डोळे भरले. ते लपवायला मी तोंड चालवलं. म्हटलं बघ, तू पोलिसातली, तुला रीत कळते, आणि वर ती बसलीय महाराणी, तीन-तीन डबे रिकामे पाठवते.

प्रियांका चिक्की खात होती. थांबली.

"मावशी, आधी काय यायचं डब्यात? आणि कधीपासून काहीच येत नाही?"

मी सांगितलं. मग तिने एकेक विचारलं. ती अजून कामावर जाते का? नाही. भाजी कोण आणतं? तोच. फोन असतो का तिच्या हातात? नंदे, प्रत्येक उत्तर मला माहीत होतं. रोज डोळ्यांसमोर होतं. मी फक्त डबा बघत होते.

प्रियांका हळूच म्हणाली, मॅडम सांगायच्या की देणारा हात एकदम देईनासा झाला, तर तो हात कोणी धरला आहे ते बघ. 

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला गेल्यावर ती पुन्हा आली. भाडेकरूंची पडताळणी आहे म्हणून ज्योतीला आधार कार्ड घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बोलावलं. ज्योती हात हलवत आली. कार्ड त्याच्याकडे असतं म्हणाली. प्रियांकाने नुसती मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणते, मावशी, तुम्ही पण बाहेर. माझ्या घरातून मला! मी ओटीवर जाऊन जवळा निवडत बसले. कान मात्र आत राहिले, ते काय माझ्या ताब्यात आहेत?

मारतो का, असं तिने विचारलंच नाही. आवाज कधीपासून बसलाय, असं विचारलं.  मग विचारलं, गळा दाबला होता का? डोळ्यांपुढे अंधारी आली होती का? किती वेळा?

ज्योती म्हणाली, "दोनदा. पण ताई, मारलं असं नाही. वळ कुठंच नाही."

 आणि मी तिला वाफ घ्यायला सांगितलं होतं.

प्रियांकाने तिला सरळ सांगितलं. वळ नसला तरी यासारखी धोक्याची खूण नाही, गळ्यापर्यंत गेलेला हात पुढच्या वेळी थांबेल याचा भरवसा नाही. दवाखान्यात जाऊया म्हणाली, तक्रार लिहूया म्हणाली, राहायची सोय आहे म्हणाली. ज्योती तयार होईना. कोपरखैरण्याची बहीण गावाला गेली होती, शुक्रवारी येणार होती. तोवर नाही म्हणाली. प्रियांकाचा चेहरा उतरला, पण ती तिच्यावर ओरडली नाही. म्हणाली, ठरवायचं तू, पण एकटीने निभवायचं नाही. चिमीचे कागद आणून दे. ते माझ्या तांदळाच्या पिंपात गेले. आणि अडचण आली तर कळवणार कसं? फोन त्याच्याकडे.

तेव्हा मी ओटीवरूनच बोलले. बाहेर काढलेल्या माणसाने बोलू नये, पण बोलले. म्हटलं, डबा आहे ना.

आमचं ठरलं. रोज दुपारी वनिता वर डबा देईल. तो रिकामा खाली आला तर सगळं ठीक. त्यात काहीही असलं, मिठाचा खडा का असेना, तर मी फोनवरचा दोनचा आकडा दाबून धरायचा. त्यावर आधी तुझा नंबर होता, आता प्रियांकाचा आहे. चौकीतल्या साहेबांच्या कानावर तिने घातलंच होतं, गल्लीतून गाडीही फिरायला लागली.

रिकाम्या डब्याची मला कधी एवढी वाट बघावी लागेल असं वाटलं नव्हतं. सोमवारी रिकामा आला, मी देवाला हात जोडले. मंगळवारी रिकामा. बुधवारी रिकामा.

गुरुवारी त्याची सुट्टी. डबा त्यानेच दारात घेतला. तासाभराने चिमी खाली घेऊन आली. मी झाकण उघडलं. आत कांद्याची साल. एकच, पातळ, गुलाबी.

मी दोन दाबला. प्रियांका म्हणाली, निघाले, तुम्ही वर जायचं नाही. चिमीला वनिताजवळ बसवलं. पण हातावर हात ठेवून बसणारी मी नव्हे. तूच शिकवलं होतंस ना, असल्या माणसाशी भांडू नये, त्याला काम द्यावं. मी खालूनच हाक मारली, पाण्याची मोटर बंद पडली आहे, जरा बघतोस का बाबा, बाईमाणसाला काय कळतंय. त्याला मोटरमधलं काही कळत नाही, पण मालकिणीसमोर कळतं असं दाखवायची भारी हौस. आला. पान्हा मागितला. मी त्याला तीन पान्हे दिले, तिन्ही चुकीचे.

गाडी आली. मागच्या वेळी दारात उभा राहून विचारणाराच शिपाई बरोबर होता. या वेळी त्याने नवऱ्याला मोटरपाशीच गुंतवून ठेवलं आणि प्रियांका थेट वर गेली. ज्योती खाली आली तेव्हा गळ्याशी ओढणी घट्ट धरली होती. चालत आली, नंदे. स्वतःच्या पायांनी.

माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मला वाटलं, साल बघून कचरा म्हणून फेकून द्याल."

मी म्हटलं, "जन्मभर डबे बघतेय गो. माझ्याकडे कचरा डब्यातून येत नाही."

मग दवाखाना झाला. गळा दाबला हे प्रियांकाने डॉक्टरकडून लिहून घेतलं. तक्रार झाली, कोर्टाचा कागद झाला, त्याने तिच्या जवळ फिरकायचं नाही असा. तो जामिनावर सुटणार त्याच्या आदल्या दिवशी प्रियांकाने ज्योतीला फोन करून सांगितलं, बहिणीच्या घराच्या बाजूच्या चौकीलाही सांगून ठेवलं. तू असंच करायचीस. सुटका झाली म्हणजे काम संपलं नाही, म्हणायचीस. आता ती पुन्हा मार्केटला जाते. घाबरते अजून. मागे वळून बघत चालते. पण आवाज सुटला आहे.

आता एक गोष्ट तुझी-माझी.

तू पहिल्या वर्षी विचारलं होतंस, मावशी, करंगळी वाकडी कशी? मी म्हटलं जात्यात सापडली. तू बोटाकडे बघितलंस, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलंस, आणि भाकर मोडलीस. नंदे, जातं नव्हतं. त्यानेच पिरगळली होती. भात करपला होता, एवढंच.

वनिताने पेन थांबवलं आहे. लिही गो, म्हटलं. तुझे सासरे होते, माझा नवरा होता. लिही.

तुला एक विचारू? बायका पहिल्यांदा नाहीच म्हणतात, पुन्हा विचारावं लागतं, हे तूच सगळ्यांना शिकवलंस. मग मला एकदाच का विचारलंस? तो फोटोत गेला म्हणून? की मी तुझी मालकीण म्हणून? दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं. निदान तिसऱ्यांदा.

जाऊ दे. आता सांगितलं. हलकं वाटतंय.

तुला शब्द देते, नंदे. माझ्या जिन्यावर जी कोणी राहील तिचा डबा रिकामा आला तर मी रुसणार नाही. जाऊन विचारीन. नाही म्हणाली तर उद्या विचारीन, परवा विचारीन. नवरा घरात नसताना विचारीन. जोवर हा जिना चढता येतोय तोवर, आणि मग वनिता विचारील. ती मान हलवते आहे, मी बघितलं.

सही म्हणून अंगठा लावते. शाई वनिताच्या लेकीच्या रंगपेटीतली आहे, निळी. हसू नकोस.

तुझी,
बामाबाय मावशी

ता. क. आजच्या डब्याचं राहिलंच, मीही तुझ्यासारखी विसरायला लागले. कोपरखैरण्याहून ज्योतीने पाठवला, आणि आत काय असेल? येसर. तुझ्यापेक्षा बरा आहे असं मी सगळ्यांना सांगितलं आहे, पण दोन्ही शेजारी ठेवून खाल्ल्याशिवाय खरं कसं कळणार? तेव्हा स्वप्नात येशील त्या दिवशी रिकाम्या हाताने येऊ नकोस. तुझा येसर आण, डबाभर. खोबरं सढळ हाताने घाल, मिरची बेताची, आणि डबा इथेच विसरून जा.