आप्पांनी चादर चांगली म्हटली

सोलापूर, ता. ९ डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप गुरप्पाअण्णा, धाकट्या संगप्पाचं डोकं तुमच्या पायाशी टेकलंय असं समजावं. केमला थंडी फार असेल, स्टेशनात बसताना कान झाकत जा. वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडं सगळं बरं आहे, म्हणजे आप्पांचं पोट कापलं.

दचकू नका, त्याला सहा दिवस झाले. जठराच्या मागं पॅन्क्रियास नावाची ग्रंथी असते, तिच्यावर नारळाएवढी पाण्याची गाठ झाली होती. डॉक्टरांनी ती उघडून रबरी नळी बसवली आणि नळीचं टोक बाटलीत सोडलं. (त्या ग्रंथीचा रस बाहेर सांडला तर आपलीच कातडी जाळतो म्हणे. अव्वा म्हणाली, अगदी ह्यांच्यासारखाच.) तुम्हाला कळवू नको असं आप्पांनीच बजावलं होतं. तीन वर्षांपूर्वी तुम्ही गिरणीच्या चादरींचा गठ्ठा आपल्या दुकानात आणलात, गिऱ्हाइकासमोर आप्पा 'तुला कापड कळत न्हाई' म्हणाले, आणि तुम्ही त्यातलीच एक चादर खांद्यावर टाकून जे रेल्वेत गेलात ते गेलात.

डॉक्टर म्हणाले, काळजी पुढंच आहे. नळी कधी तुंबेल, ताप कधी चढेल, आधी सांगता येत नाही. म्हणून नर्सबाई दर चार तासांनी नाडी, ताप आणि बाटलीतलं पाणी लिहून ठेवतात. तिसऱ्या दिवशी सगळे आकडे उत्तम होते. आप्पांनी दवाखान्याची चादर दोन बोटांत धरली, कुरवाळली आणि म्हणाले, "चांगली हाय की."

अण्णा, आठवतं का, आपण दोघं दुकानात डोळे मिटून बसायचो आणि आप्पा एकेक चादर हातात देऊन खोट शोधायला लावायचे? तुम्ही हळूच मला चिमटे काढून उत्तर सांगायचा; एक म्हणजे वीण सैल, दोन म्हणजे काठ वाकडा. बिनखोटीची चादर त्या दुकानात कधी आलीच नाही. गड्ड्याच्या जत्रेत आप्पा नावं ठेवत ठेवत पावशेर जिलबी संपवायचे, आणि आपण पाकाची बोटं चाटत बसायचो, आता नावं ठेवून घ्यायचा आपला नंबर कधी म्हणून. (मी मासिकाला धाडलेली नवी गोष्ट एकाच वाक्याची आहे. आप्पांना वाचून दाखवली तर म्हणाले, सूत संपलं, गाठ कुटं मारलीस? संपादकांना एवढंही सुचलं नव्हतं.)

तर चादर चांगली म्हटल्याबरोबर अव्वा उठली आणि डॉक्टरांना म्हणाली, "ह्यांचं काय तरी बिघडलंय." डॉक्टर हसले. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप एकशेतीनवर गेला. नळी तुंबली होती. ती मोकळी केली, आणि सकाळी आप्पांनी नर्सबाईंना विचारलं, ही पट्टी कुणी विणली, चाळण हाय का काय. अव्वा तेव्हा कुठं जेवली. आता डॉक्टर आले की नाडीआधी विचारतात, आज काय वाईट आहे? काल पेज, खाटेचा पाय आणि डॉक्टरांचा कोट एवढं वाईट निघालं, त्यामुळं आम्ही निर्धास्त आहोत. तुम्ही उगाच रजा काढू नका.

तुमचा संगप्पा

ता. क. तुमचा तो गठ्ठा आप्पांनी अजून विकलेला नाही. एवढं वाईट कापड गिऱ्हाइकाला कसं द्यायचं म्हणतात, आणि दुपारी त्यालाच टेकून डुलकी काढतात.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आप्पा छताकडं बघत म्हणाले, "गुरप्पाला कापड कळायचं. मीच लई बोललो." थर्मामीटरला अजून काही कळलेलं नाही, अव्वा डॉक्टरांकडं धावलीय. तारेत एवढं मावायचं नाही म्हणून पत्र गार्डाच्या हाती देतोय. पहिल्या गाडीनं या. ती गिरणीची चादर पांघरून या, आणि खाटेपाशी चांगल्या उजेडात उभे राहा.