ताईच्या तळ्याचा बेत

प्रिय ताई,

पाकीट उलटंसुलटं करून बघितलंस ना? माझंच आहे. मी तुला पत्र लिहीन असं मलाही कधी वाटलं नव्हतं. पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला "बरं बरं, ठेव आता, गिऱ्हाईक आलंय" म्हणतेस, आणि हा बेत तीन वाक्यांत मावणारा नाही. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. फार तर घडी घालून ठेवता येतं, आणि तू ठेवणार नाहीस हे मला माहीत आहे. ऱ्हस्वदीर्घ चुकलेले दिसतील. ते लाल पेनाने दुरुस्त कर, पण आधी शेवटपर्यंत वाच.

मी तळं बघून आलो! आपलं तळं, आपल्या फोटो स्टुडिओतल्या पडद्यावरचं. मुद्दाम सुट्टी काढून गेलो, आणि एकदा बघून पोट भरलं नाही म्हणून दुसऱ्यांदाही गेलो. ताई, ते खरंच तसं आहे. बाबांनी ज्या बिस्किटाच्या डब्यावरून ते चित्र उतरवलं होतं, तो डबा बनवणाऱ्याने एक दगडसुद्धा खोटा काढलेला नाही. शेवटच्या वळणावर बस खोकत खोकत वर आली आणि एकदम समोर सगळं जागच्या जागी. डावीकडे सुळका, उजवीकडे बुटका डोंगर, मधली खिंड. मी ओरडलोच, "अरे, हा तर आमचा पडदा!" शेजारच्या बाईंनी मांडीवरची पिशवी गुपचूप पलीकडच्या बाजूला घेतली. फक्त एकच गोष्ट नव्हती, तू पडद्याला मारलेलं ठिगळ. सवयीने मी खिंडीच्या खाली तेच शोधत होतो.

बाबांची चूक मात्र पकडली गेली. ते शाळामास्तर आठवतात? पाच मुलींना घेऊन फोटोला आले होते आणि चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघत म्हणाले होते, "अहो, तुमचा डोंगर पाण्यातसुद्धा सरळच उभा आहे. पडछाया उलटी नको का?" डब्याचा खालचा भाग गंजलेला होता, म्हणून बाबांनी पाणी मनानेच रंगवलं होतं आणि डोंगराखाली तसाच दुसरा डोंगर काढून ठेवला होता, शेंडा वर करून. बाबांनी कॅमेऱ्यामागून डोकंही न काढता विचारलं, "मास्तर, फोटो काढायचाय की पेपर तपासायचाय?" पाचही मुली फिसकन हसल्या आणि त्या फोटोत एकटे मास्तरच गंभीर आले. ती चूक आता गावातल्या निम्म्या घरांत चौकटीत बसवून टांगलेली आहे. तर मी सकाळी वारा पडलेला असताना काठावर गेलो. डोंगर पाण्यात पार उलटा, झाडाझुडपांसकट. मला बाबांचं उगीच वाईट वाटलं. म्हणून तळ्याकडे पाठ केली, वाकलो आणि दोन पायांमधून बघितलं, तर पाण्यातला डोंगर सरळ झाला! बाहेरचा उलटा झाला ती गोष्ट वेगळी, पण निम्मे मार्क तर मिळतातच. तेवढ्यात लॉजवाल्या आजी खिडकीतून ओरडल्या, "पोट दुखतंय का रे?" तूही असंच वाकून बघ. आजींना सांगून ठेवलंय की आमच्या घरात ही पद्धत आहे.

आता बेत नीट सांगतो. मध्ये भरकटलो तर चार ओळी सोडून पुढे जा. पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी सहा चाळीसची बस. तेरा नंबरची जागा, डावीकडची खिडकी. कंडक्टर काहीही म्हणाला तरी उजवीकडे बसू नकोस, उजवीकडून सगळा वेळ नुसता कापलेला डोंगर दिसतो, ओल्या भिंतीसारखा. मधल्या स्टँडवर बस वीस मिनिटं थांबते. तो स्टँड तुला माहीत आहेच. त्याच्याबद्दल मला लिहायचंय, पण आत्ता नको, आत्ता सरळ वर चल. तिथलं सूप चांगलं असतं. सँडविच घेऊ नकोस, त्यातलं अंडं माझ्या वयाचं आहे. आणि तिथे तीन पायांचा एक कुत्रा आहे, तो स्वतःहून बसमध्ये चढतो, ड्रायव्हरच्या मागे बसतो आणि तळ्याला उतरतो. संध्याकाळच्या बसने परत. कंडक्टर त्याला "साहेब" म्हणतो आणि लोकांना हटकतो, "साहेबांना जागा द्या." मी पहिल्या खेपेला साहेबांच्या मागे मागे हिंडत बसलो आणि दुपार तळ्याऐवजी एका खाटकाच्या दुकानामागे गेली. तू तसं करणार नाहीस. तू कधी कुणाच्या मागे भटकली नाहीस.

हां, तर लॉज. जिना चढून वर आलं की दुसरं दार. खोली लहान आहे, पण पलंगावर पडल्या पडल्या पाणी दिसतं. खिडकीची कडी अडकते, ती हाताने नाही, कोपराने ढकलायची. गरम पाण्याचा नळ उजवीकडचा आहे, त्यावर खूण थंडची आहे, फसू नकोस. आजींकडे दोन चष्मे आहेत, एक डोळ्यांवर आणि एक डोक्यावर, आणि त्या दिवसभर तिसरा शोधतात. मी बहिणीसाठी खोली बघतोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, बहीण करते काय? मी म्हटलं, येईल त्याला "हनुवटी जरा वर, हं, आता हलू नका" असं सांगते. त्यावर आजी म्हणाल्या, "मग तिला असं सांगणारं कुणीतरी हवं." ताई, मला एकदम लक्षात आलं, त्या पडद्यापुढे सगळं गाव उभं राहून गेलं, नवराबायको, बारशाची पोरं, मास्तर, एकदा तर कुणाचा बोकडसुद्धा, आणि तुझा एकही फोटो नाही. तू कायम दिव्याची दांडी धरून बाजूला, नाहीतर कॅमेऱ्यामागे. म्हणून मी आजींना मोबाइलवर फोटो काढायला शिकवून आलोय. आत्तापर्यंत त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याचे फोटो फार सुंदर आलेत. तुझ्या वेळेपर्यंत जमेल.

तळ्याभोवती पायवाट आहे. माझ्या चालीने दोन तास, तुझ्या चालीने तीन, आणि तू वाटेतल्या प्रत्येक दगडावरचा उजेड बघत थांबलीस तर चार. थांब खुशाल, मागून कुणी हाक मारणार नाही. अर्ध्या वाटेवर एक बाकडं आहे. तिथे बूट काढून पाय पाण्यात घाल. आधी दात वाजतील, मग पाय कुठे गेले तेच कळणार नाही, आणि मग इतकं बरं वाटेल की हसू येईल. मला आलं. स्वेटर दोन घे, तो राखाडी तर घेच. आणि दुकानाची किल्ली बरोबर घेऊ नकोस. तुला ती खिशात चाचपत बसायची सवय आहे.

आता तू म्हणशील, हे सगळं ठीक आहे रे, पण बाबांचं कोण बघणार? मला तुझा आवाजसुद्धा ऐकू येतोय, चिडलेला नाही, नुसता दमलेला. आणि मी इतकी पानं इकडून तिकडे उड्या मारतोय ते हा प्रश्न लांबवायलाच, हे तू केव्हाच ओळखलं असशील. तर लिहूनच टाकतो. सहा वर्षांपूर्वी तू अशीच निघाली होतीस. हेच तळं, हीच बस, तीन दिवस. शिवणकामवाल्या मैत्रिणीने तिकिटं काढली होती, तू महिनाभर आधी बॅग भरून कपाटाशेजारी ठेवली होतीस आणि रोज तिच्यात काहीतरी घालत काढत होतीस. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष झालं होतं. मी एकोणीस वर्षांचा, धडधाकट, रिकामा. "मी आहे ना" असं म्हणालो होतो. खरंच म्हणालो होतो, ताई, मनात काही खोट नव्हती. मग अकरा वाजता गल्लीच्या तोंडाशी मित्राचा ट्रक उभा राहिला, समुद्राकडे निघालेला. मला वाटलं, नाक्यापर्यंत जाऊ, तासाभरात परत. निघताना बाबा म्हणाले, "थांब." त्यांच्या तोंडात तेव्हा तो एकच शब्द उरला होता, पाणी हवं तरी थांब, खिडकी उघड तरी थांब, भूक लागली तरी थांब. मी पाणी पाजलं, खिडकी उघडली, चादर सारखी केली आणि गेलो. ते त्या दिवशी नेमकं काय म्हणत होते ते मला ट्रकमध्ये, निम्म्या रस्त्यावर सुचलं, आणि तरी मी खाली उतरलो नाही. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, मला नंतर कळलं. शेजारच्या लाँड्रीवाल्या काकूंना दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला, त्यांनी तुला फोन केला, आणि तू त्या मधल्या स्टँडवर वर जाणाऱ्या बसमधून उतरून खाली येणाऱ्या बसमध्ये बसलीस. मी तिसऱ्या दिवशी तोंड वर करून घरी आलो, तेव्हा चादरी दोरीवर वाळत होत्या आणि बॅग रिकामी होऊन कपाटावर गेली होती. तू मला "जेवलास का?" एवढंच विचारलंस. चार शिव्या दिल्या असत्यास तर कदाचित मी राहिलो असतो. पंधरा दिवसांत पळालो आणि मग पळतच राहिलो, गोदामं, बोटी, फळबागा, एक सर्कससुद्धा, तिथे तर उंटाशीच माझं पटलं नाही. कुठेही दोन महिन्यांवर टिकलो नाही. बाबांनी मला भोवरा हे नाव काही उगीच ठेवलेलं नाही.

आता खरी बातमी. फोनवर मी तुला सांगत होतो की हॉटेलात काम करतो. हॉटेल नाही, इस्पितळ आहे, आणि ते त्या मधल्या स्टँडच्याच गावात आहे. अर्धांगवायूच्या वॉर्डात मदतनीस. आज अकरा महिने झाले, एकाच जागी, मी! मोठ्या सिस्टर पहिल्या दिवशी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "आठवडा काढलास तरी पुष्कळ." त्यांनी स्वतः पलंगावर आडवं पडून अंग सैल सोडलं आणि हुकूम केला, मला कुशीवर वळव. त्या चांगल्या भरभक्कम आहेत. मी घामाघूम झालो आणि सगळा वॉर्ड पडल्या पडल्या हसत होता, ज्यांचं तोंड अर्ध्याच बाजूने हसतं तेही. आता मला दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलता येते, गुडघ्यांमध्ये उशी कशी द्यायची ते येतं, टाच पलंगाला टेकू द्यायची नाही हे येतं, आणि घास चांगल्या बाजूच्या गालात भरवायचा हेही येतं. दाढी तर मी अशी करतो की रोगी माझीच वाट बघतात. मागच्या आठवड्यात सिस्टरांनी मला नव्या पोरांना शिकवायला उभं केलं, तेव्हा मला पहिल्यांदा तुझी आठवण येऊन रडू आलं. तू हे सगळं एकटीने शिकलीस. तुला तर हसायलाही वॉर्ड नव्हता.

म्हणून हे पत्र. पाकिटात तिकीट आहे बघ, आणि ते एकच आहे. मी तुझ्याबरोबर येणार नाही, ताई. मी घरी येतोय. तुझ्या सोमवारच्या आधी अख्खा आठवडा, म्हणजे तू स्टुलावर बसून माझी परीक्षा घेऊ शकशील, आणि नापास केलंस तर तिकीट परत करू, मी पुन्हा अभ्यास करीन. सिस्टरांकडे महिन्याची रजा मागितली, त्या म्हणाल्या, परत आला नाहीस तरी चालेल, पण तिकडे टिक. लाँड्रीवाल्या काकूंनाही फोन केला. त्या आधी म्हणाल्या, "तू? कोण तू?" मग म्हणाल्या, "मी दर तासाला भिंतीवर ठोकणार. पलीकडून ठोकलं नाहीस तर लाटणं घेऊन येईन." माझी हरकत नाही. बाबांना काही सांगू नकोस, मी आल्यावर त्यांच्याशी बोलेन, आणि ते जे काही म्हणतील ते या खेपेला नीट ऐकेन. तू फक्त तेरा नंबरच्या खिडकीत बस. मधल्या स्टँडवर फोन वाजला तर तो माझा असेल, सूप घेतलंस का हे विचारायला, घाबरून उतरू नकोस. आणि चौथ्या दिवशी परत येशील तेव्हा बेल वाजवून जरा वाट बघ. दार उघडायला वेळ लागला तर मी पळालो असं समजू नकोस, बाबांना कुशीवर वळवत असेन.

तुझाच,
भोवरा