केदारने फेडलेली फी

मी, श्रीमती मीना सुधाकर बोधनकर, वय एकोणसत्तर, राहणार साकेत नगर, भोपाळ, माझ्या मागे माझ्या मालमत्तेचे काय करावे हे आज पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, साखर आहे, डावा डोळा अधू आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे, आणि तसा दाखला डॉ. आशिष यांनी दिला आहे तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. मुलगा चार-दोनदा "आई, कागद करून टाक ना एकदाचे" असे म्हणाला, त्याला मी जबरदस्ती धरत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकील शालिनीताईंनी हिंदीत लिहायला सुचवले होते, म्हणजे कचेरीत अडायला नको. पण मला हे सारे हिंदीत सांगता येणार नाही. भाषांतर त्यांनी करून घ्यावे. अर्थावरून वाद झाल्यास हा मराठी मजकूर खरा धरावा.

माझे पती सुधाकर २०२३ च्या डिसेंबरात वारले. त्यांनी आपले सर्व काही माझ्या नावे केले होते. आम्हाला दोन मुलगे झाले. थोरला हर्षल भोपाळमध्येच असतो, त्याचा बांधकामाच्या सामानाचा व्यवसाय आहे. धाकटा केदार २०२१ च्या मे महिन्यात करोनाने गेला. केदारची पत्नी रसिका आणि मुलगी जुई अशोका गार्डनमध्ये राहतात. याखेरीज माझा कोणी वारस नाही.

कलम पहिले : घर. साकेत नगरमधील राहते घर, जागेसकट, मी हर्षलला देते.

हे घर कसे झाले ते त्याला माहीत आहे, पण त्याचा मुलगा कौस्तुभ पुढे कधी हा कागद वाचेल, त्याच्यासाठी लिहिते. आम्ही आधी बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होतो. तुझे आजोबा भांडारात नोकरीला होते. तुझे बाबा टाउनशिपच्या शाळेत जात. त्यांची फी पगारातून परस्पर कापली जाई, त्यामुळे ती किती हे घरात कोणाला ठाऊकच नव्हते. मुलगा शाळेत जात होता, एवढेच आम्हाला माहीत होते.

मग ह्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आलेल्या रकमेत बायपासजवळ शेत घेतले आणि त्याचे प्लॉट पाडले. ते विकले, आणखी घेतले, तेही विकले. पाच-सहा वर्षांत आम्ही या घरात आलो. पैसा आल्याचे मला दुःख झाले असे मी लिहिणार नाही. पहिला पावसाळा कोरड्या भिंतींच्या घरात गेला तेव्हा मी सुखाने झोपले. पण भाजीचे पैसे मी बरखेड्यात रोज सकाळी मागून घेत असे, तसे इथेही शेवटपर्यंत मागूनच घेतले. पैसे वाढले, देणारा हात एकच राहिला.

कलम दुसरे : दागिने व किरकोळ वस्तू. माझ्या बांगड्या हर्षलच्या पत्नीला द्याव्यात. तिने त्या मागितल्या आहेत. शिलाई मशीन स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना द्यावे. माझे दीर प्रकाश यांना ह्यांचे मनगटी घड्याळ द्यावे. केदारला पुढे ज्या डोंगरावरच्या निवासी शाळेत घातले, ती त्यांनीच सुचवली होती आणि प्रवेशासाठी ओळखही लावली होती. त्यांनी माझ्या तेराव्याला भाषण करू नये.

कलम तिसरे : बँकेतील मुदत ठेव. ही ठेव केदारने वडिलांना परत केलेल्या पैशांची आहे. हर्षलचे म्हणणे असे की, "ते बाबांच्या खात्यात आले, म्हणजे इस्टेटच झाली ना आई?" कायद्याने तो बरोबर आहे. म्हणूनच हे कलम मला सविस्तर लिहावे लागत आहे.

केदार दहा वर्षांचा असताना त्याला त्या निवासी शाळेत घातले. "हर्षलला देता आलं नाही ते ह्याला देऊ," असे हे म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. पहिली दोन वर्षे पाहुण्यांसमोर फीचा आकडा ऐकवला जाई, घोडेस्वारीचा वेगळा, ब्लेझरचा वेगळा. केदार सुट्टीत घरी आला की त्याला समोर उभा करून सांगत. नंतर त्याचे गुण कमी होत गेले, तरी आकडा ऐकवणे थांबले नाही. फक्त आवाज बदलला. पोळी वाढताना मी ऐकत असे, "माहीत आहे का, तू आजपर्यंत किती पडलास मला?" केदार मान खाली घालून जेवे. हर्षलला आपल्यासाठी असे काही कधी ऐकावे लागले नव्हते. तो कौतुकाने ऐकत बसे.

आठवीत शाळेने कळवले, मुलगा या वर्षी वर जाणार नाही, दुसरीकडे पाहा. ह्यांनी शाळेला कम्प्युटरची खोली बांधून दिली. दारावर 'श्री. सुधाकर बोधनकर यांजकडून' असा संगमरवरी फलक बसला आणि केदार नववीत गेला. त्या दिवाळीत तो मला म्हणाला, "आई, मला वर्गात नाव घेऊन कोणी बोलवत नाही. सगळे 'कम्प्युटर रूम' म्हणतात." मी ह्यांना सांगितले. ह्यांना त्यात अभिमान वाटला.

पुढे इंदूरला डोनेशन भरून इंजिनिअरिंगची जागा घेतली. दुसऱ्या वर्षी केदार बॅग घेऊन परत आला आणि जेवणाच्या टेबलावर म्हणाला, "बाबा, मला हे जमत नाही. मी सोडतोय."

हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. म्हणाले, "सोड. पण तुझ्यावर लावलेलं परत कर."

"कितना हुआ?" केदारने विचारले. वडिलांशी तो हिंदीत कधी बोलत नसे.

ह्यांनी आकडा सांगितला. पाचवीपासूनचा, तोंडपाठ.

मी म्हणाले, "अहो, मुलगा आहे तो. कर्ज काढलेलं गिऱ्हाईक नाही."

"म्हणूनच व्याज धरलं नाही," हे म्हणाले.

केदारने ताटातला भात संपवला, हात धुतले आणि "हळूहळू देईन" एवढेच बोलला. त्याच आठवड्यात तो घरातून गेला. अशोका गार्डनमध्ये पंप आणि पंख्यांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देणाऱ्या एका दुकानात काम शिकला, मग तिथेच राहिला. महिना संपला की ह्यांच्या फोनवर बँकेचा संदेश येई. रक्कम लहान, पण चुकत नसे. सुरुवातीला हे हसले, "बघू किती दिवस टिकतो." मग संदेशाची वाट पाहू लागले. "परत पाठवा हो," असे मी किती वेळा म्हटले असेन. "शिस्त लागतेय त्याला, तू मध्ये पडू नकोस," हे उत्तर ठरलेले होते.

एकदा मी माझ्या बांगड्या घेऊन दुकानावर गेले. तांब्याच्या तारेने त्याची बोटे कापलेली होती. पिशवी उघडून न बघताच तो म्हणाला, "रहने दे, आई. या पण बाबांच्याच पैशाच्या. माझ्या नावावर आणखी चढतील." मला चहा पाजला, रिक्षा करून दिली आणि रिक्षाचे भाडेही स्वतः दिले.

रसिका ग्वाल्हेरच्या मराठी घरातली. लग्न मंदिरात झाले. ह्यांनी आहेराचे पाकीट पाठवले. पुढच्या महिन्याच्या हप्त्यात ती रक्कम मिळवून परत आली.

२०२१ च्या एप्रिलअखेरीस संदेश आला नाही. मे उजाडला तरी नाही. सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "या महिन्यात चुकवलं. शेवटी दमलाच." मी केदारला फोन लावला, तो बंद होता. रसिकाचा लागेना. शहरात तेव्हा काय चालले होते ते सर्वांना आठवत असेल. बाहेर पडणे शक्य नव्हते. दोन दिवसांनी रसिकाच्या भावाचा फोन आला. केदार आदल्या दिवशीच गेला होता. दहनही झाले होते.

पुढे रसिकाने मला सांगितले ते असे. एका खासगी रुग्णालयात जागा होती, पण दाराशीच अनामत मागितली. ती साकेत नगरला फोन करू लागली तर केदारने तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला. बोलता येत नव्हते, मानेने नाही म्हणाला. मग सरकारी रुग्णालयात पलंग मिळेपर्यंत रात्र गेली. त्या महिन्याचा हप्ता ऑक्सिजनच्या सिलिंडरवर खर्च झाला होता.

मी ते ह्यांना सांगितले. केदारचे सगळे पैसे वेगळे काढून त्यांनी ही मुदत ठेव केली आणि दर वर्षी स्वतः बँकेत जाऊन तिचे नूतनीकरण करीत राहिले. शेवटच्या आजारात एके दुपारी मला विचारले, "केदारचे किती राहिले होते?" पश्चात्तापाने विचारले की सवयीने, हे मला कळले नाही. मी त्यांना औषध दिले. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

कलम चौथे : ठेवीची विल्हेवाट. ही ठेव जुईची व्हावी असा माझा विचार होता. मागच्या हिवाळ्यात मी कागद घेऊन रसिकाकडे गेले. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर काम करते, त्या दिवशी सुट्टीवर होती. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिले.

"आई, हे परत न्या," ती म्हणाली.

"अगं, तुझ्याच नवऱ्याचा पैसा आहे."

"होता. त्याने देऊन टाकला. लग्न झाल्यापासून आमच्याकडे एक वस्तू हप्त्याच्या आधी आली नाही. जुई झाली त्या महिन्यातसुद्धा पैसे आधी तिकडे गेले, मग दवाखान्यात. आता ते परत आणून मी कपाटात कसे ठेवू?"

"जुईच्या शाळेसाठी तरी घे. चांगल्या शाळेत घाल तिला."

"शाळेसाठीच तर नको." ती आवाज न चढवता बोलत होती. "तुम्ही कधी बोलून दाखवणार नाही, मालूम आहे मला. पण उद्या हर्षलदादा बोलतील, नाहीतर कौस्तुभ बोलेल, की तुझं शिक्षण आमच्या घरच्या पैशानं झालं. तिच्यावर किती लागले हे सांगणारं कोणीच नको मला. तुम्हाला राग आला तर येऊ दे."

मला राग आला नव्हता. मी कागद परत पिशवीत ठेवू लागले. तेवढ्यात जुई शाळेतून आली. सातवे वर्ष, केदारसारखेच कान. दप्तर ठेवून माझ्याकडे बघत तिने विचारले, "मम्मी, ये कौन हैं?"

"पप्पांची आई," रसिका म्हणाली. जुईने मला नमस्ते केले आणि आत जेवायला गेली.

म्हणून असे ठरवते : ठेवीची सर्व रक्कम व्याजासह अशोका गार्डनमधील एका लहान शाळेला द्यावी. तिचे नाव सोबतच्या पुरवणीत आहे. ज्या मुलांची फी थकली असेल त्यांची त्यातून भरावी. फलक लावू नये, कार्यक्रम करू नये, फोटो काढू नये. फी कोणी भरली हे मुलाला किंवा पालकांना सांगू नये. भरली गेली, एवढे पुरे. जुई या शाळेत जात नाही. रसिकाला शंका येऊ नये म्हणून मी मुद्दाम दुसरी शाळा निवडली आहे. याने केदारचे काही भले होणार नाही हे मला कळते.

कलम पाचवे : हर्षलला अट. घर मिळाल्यावर हर्षलने कौस्तुभला त्याच्या शिक्षणाच्या खर्चाचा आकडा कधीही ऐकवू नये. गेल्या दिवाळीत मी त्याच टेबलाशी बसले होते. हर्षल मोबाइल दाखवून मुलाला म्हणाला, "तुझी एक तासाची ट्यूशन कितीला पडते बघ जरा." कौस्तुभने हातातली चकली बशीत परत ठेवली. मी हर्षलला म्हणाले, "केदारला विसरलास का रे?" तो म्हणाला, "आई, केदारचा हट्ट होता तो. पैशाची किंमत मुलांना कळायला नको?"

शालिनीताईंचे म्हणणे, "काकू, जेवणाच्या टेबलावर काय बोलावं ही अट कोर्टात टिकायची नाही." टिकणार नाही हे मान्य आहे. हर्षल पाळणार नाही हेही मला जवळजवळ ठाऊक आहे. तरी ती काढू नये.

कलम सहावे : अंमलबजावणी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील शालिनीताईंनी करावी. त्यांची फी माझ्या बचत खात्यातून द्यावी आणि उरलेली रक्कम हर्षलने घ्यावी.

कलम सातवे : जुई. माझी नात जुई केदार बोधनकर हिला मी काहीही देत नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही आणि रागाने तर नाहीच. शालिनीताईंनी सांगितले की नाव घालून कारण लिहा, नाहीतर उद्या कोणी म्हणेल, आजी विसरली. कारण असे की तिच्या आईने माझ्याकडे हेच मागितले. केदारच्या घराने या घराकडे आजवर दुसरे काही मागितलेले नाही. जे मागितले ते मी देत आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, शालिनीताईंनी मला तो मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो बरोबर आहे म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर खाली सही करीत आहे. साक्षीदारांनीही माझ्या डोळ्यांदेखत सह्या केल्या आहेत.

सही : मीना सुधाकर बोधनकर

साक्षीदार १ : डॉ. आशिष देवपुजारी, साकेत नगर, भोपाळ
साक्षीदार २ : बाळकृष्ण मुळमुले, निवृत्त शासकीय कर्मचारी, तुलसी नगर, भोपाळ

स्थळ : भोपाळ
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५