अधीक्षकांच्या हातचे पाणी

प्रति,
मा. कल्याण अधिकारी,
प्रौढ दिव्यांग विभाग, दुसरा मजला.

विषय : कार्यशाळेच्या अधीक्षकांना अर्जदाराच्या घरी पाणी पाजण्याच्या कामावर नेमणेबाबत.
संदर्भ : आपले 'योग्य ती कार्यवाही सुरू आहे' हे पत्र.

महोदय,

अर्जदार ही एका बौद्धिक दिव्यांग प्रौढाची थोरली बहीण असून तिचा भाऊ आपल्या कार्यशाळेत पुठ्ठ्याची खोकी बनवतो. त्याच्यासारखे नेटके खोके कोणाला जमत नाही, हे अधीक्षकच पाहुण्यांना सांगत आले आहेत. लघवी लागल्याचे मात्र त्याला तोंडाने सांगता येत नाही. घरी शौचालयाच्या दिव्याचे बटण बाहेर आहे. तो ते दाबतो आणि घरातले काय ते समजतात. ही बाब अर्जदाराने प्रवेशाच्या वेळीच अधीक्षकांच्या कानावर घातली होती.

कार्यशाळेत तो भिंतीवरचे बटण दाबू लागला, तेव्हा अधीक्षकांनी ती खोडी ठरवून बटणावर चिकटपट्टी लावली. मग विजार ओली झाली, म्हणून जेवणानंतर "आता पाणी बंद" असा हुकूम सोडला. भाऊ ओटीपोटावर बुक्क्या मारू लागला, तर तो आक्रमकपणा ठरला आणि गुंगीच्या गोळीची शिफारस झाली. अखेर तापाने फणफणलेल्या भावाला अर्जदाराने रुग्णालयात नेले. लघवी तुंबली होती व संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. नळी घातल्यावर "सगळा आक्रमकपणा पिशवीत उतरला बघा," असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हापासून अर्जदाराचे डोके ठिकाणावर नाही.

अर्जदाराच्या तक्रारीवर आपल्यासमोर झालेल्या सुनावणीत अधीक्षक करंगळी दाखवून "आलोच" म्हणत मध्येच उठून गेले. त्यांच्या या वर्तनाची नोंद कोणीही घेतली नाही. दारात आडवे उभे राहावे असे अर्जदारास फार वाटले होते. ते केले नाही याची चुटपुट अजून आहे.

आता मूळ अडचण. भाऊ बरा आहे, परंतु पेला पुढे केला की तो अधीक्षकांच्याच आवाजात "आता पाणी बंद" म्हणतो व तोंड फिरवतो. गोडीगुलाबीने झाले, रागावून झाले. पाणी पोटात गेले नाही तर मूत्रपिंड पुन्हा दगा देईल, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे. अर्जदार रात्रंदिवस याच धास्तीत आहे. बहिणीचा शब्द त्याला चालत नाही, अधीक्षकांचा चालतो.

सबब विनंती की, अधीक्षकांना रोज दुपारी अर्जदाराच्या घरी पाठवावे. त्यांनी स्वतः पेला धरून, भाऊ तो रिकामा करेपर्यंत "आता पाणी चालू" असे म्हणत राहावे. सोबत म्हणून स्वतःही तेवढेच प्यावे. शौचालय भावाला उघडे व अधीक्षकांना कुलूपबंद राहील. त्यांनी तोंडाने काही न मागता फक्त बटण दाबावे.

किल्ली खरे तर भावाकडे असायला हवी. पण अधीक्षकांची चुळबूळ सुरू होताच तो दार उघडून देईल, हे अर्जदार जाणून आहे. त्याला सूड कळत नाही. म्हणून किल्ली अर्जदार स्वतःजवळ ठेवील.

अधीक्षकांची दारात वाट पाहणारी,
आपली नम्र
(सही)
अर्जदार, थोरली बहीण
दिनांक : आपले पत्र हाती पडले तोच दिवस

सोबत :
१. रुग्णालयाचा दाखला.
२. कार्यशाळेच्या बटणावरून उपटून आणलेली चिकटपट्टी (पाहून झाल्यावर परत मिळावी, अधीक्षक येतील तेव्हा घरच्या बटणावर लावायची आहे).